दादाचे चार रुपये

९ जानेवारी

सकाळच्या गाडीने नांदुऱ्याला उतरलो. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. थंडी बरी होती, ऊन कोवळं. दादाच्या घरी पोचलो तर शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी अंगण झाडून, सडा टाकून ठेवला होता. दादाचा डबा त्याच करत. त्यांनी ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी आणून दिली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. समोरचे कडूबा आले. ते दादाचे गप्पांचे सोबती. दोघांनी मिळून मला घर दाखवलं, जसं काही ते त्यांचंच आहे. दोन खोल्या, मागे मोरी, खिडकीतून उजेड भरपूर. दादा असताना मी इथे कधी राहिलो नव्हतो, आणि तेरवीच्या गर्दीत घर नीट पाहिलं नव्हतं. बरं घर आहे.

तेरवी करून मी नाशिकला गेलो होतो. आता घर रिकामं करायचं आणि दादाची नाणी विकायची म्हणून परत आलो. दादा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. लग्न केलं नाही, नाणी जमवली. माझ्यामागे नाणी विक, पण सगळी मिळून एकाच माणसाला दे, असं तो दर दिवाळीला सांगायचा. फोडून विकायची होती तर जमवली कशाला, म्हणायचा. तेवढं मला नीट करायचं आहे.

बाकी काही वाटत नाही. दादा गेला त्या दिवशी रडूही आलं नाही. लोकांनी ते पाहिलं असेल.

१० जानेवारी

बाजारातले वाहेदभाई नाणी बघायला आले. जुनी चांदी आणि नाण्यांचा त्यांचा धंदा आहे. दादा त्यांच्याकडे नेहमी बसायचा. बाहेर चपला काढून आत आले, भिंग काढलं आणि एकेक पान उलटत गेले. भोकाचे पैसे, निजामाची नाणी, तांब्याचे आणे. अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या की एवढी काळवंडलेली नाणी कोण घेईल, चिंच लावून घासून देते. वाहेदभाईंनी हातच जोडले. म्हणाले, "बाई, मेहेरबानी करा, तुमच्या चिंचेनं मी बरबाद होऊन जाईन." जुन्या नाण्यावरचा तो मळ म्हणजेच त्याची किंमत, तो गेला की नाणं नुसता धातू उरतं, असं त्यांनी समजावलं. बाई म्हणाल्या, घाणीले किंमत हे पहिल्यांदाच आयकून राह्यले.

शेवटच्या पानावर चांदीचे रुपये. कप्पे चार आणि रुपये तीन. एक राणीछाप, एक दादा ज्याला बोडक्या राजाचा म्हणायचा तो, आणि एक मुकुटवाल्या राजाचा. चौथा कप्पा रिकामा. वाहेदभाईंनी मान वर करून विचारलं, एकोणचाळीस सालचा कुठे आहे? त्या सालचे रुपये फार थोडे सापडतात. सगळ्या अल्बमची किंमत त्या एकावर उभी होती.

मी सांगितलं. दादाला तिरडीवर ठेवल्यावर कपाळाला लावायला बंदा रुपया हवा होता. इथे तशी रीत आहे. कोणाच्याही खिशात रुपया निघाला नाही. सगळ्यांकडे फोन. दुकानात गेलेला माणूस चॉकलेट घेऊन आला, सुटे नाहीत म्हणून. तेव्हा कडूबा मला म्हणाले की घरात एवढे शिक्के पडून आहेत, द्या की एक. मी आत जाऊन शेवटच्या पानावरचा पहिला हाताला लागला तो दिला. कडूबांनी तो लावताना दादाला म्हटलंही, "जिता होता तवा हात लावू देला नाही. आज निंघाला ना बे रुपया!" लोक हसले होते. मीही थोडा हसलो असेन.

वाहेदभाईंनी अल्बम मिटला. मग म्हणाले की तीनवर जे येईल ते बघू, इंदूरला एक गिऱ्हाईक आहे, ते सगळं एकत्र घेतं.

१२ जानेवारी

आज अल्बम उघडला तर चौथा कप्पा भरलेला. एकोणचाळीसचाच रुपया, पण पूर्ण काळा. मळ नव्हे, जळल्यासारखा. बोटाला काजळी लागली.

कडूबांना विचारलं. अस्थी गोळा करताना राखेत सापडला असेल आणि त्यांनी आणून ठेवला असेल असं वाटलं. ते चिडले. राखेत सापडला हे खरं, पण अस्थींबरोबर त्यांनी तो आपल्या हाताने पूर्णेत सोडला. "मयताचा रुपया मी कोणाच्या घरी काऊन आणू? मले काही समजत नाही का?"

अल्बम घेऊन वाहेदभाईंकडे गेलो. त्यांनी रुपया बघितला, हात लावला नाही. म्हणाले, सेट पूरा झाला, पण हा माझ्या दुकानात ठेवू नका. जे मयतीला दिलं ते बाजारात येत नाही. आमच्यात रुपया लावत नाहीत, तरी एवढं मलाही माहीत आहे. हा पाण्यात द्या.

१३ जानेवारी

बसने जाऊन पुलावरून पूर्णेत टाकला. बुडताना दिसला. परत आलो. जयमालाचा पुण्याहून फोन. जेवलात का बाबा, झोप लागते का. हो म्हणालो.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी अल्बम उघडला. काळा रुपया कप्प्यात आहे. वरचं प्लॅस्टिक आतून ओलं.

आणि राणीछाप नाही.

पुन्हा पुन्हा शोधलं. पान झटकलं, कपाट हलवलं. तेवढ्यात कडूबा तीळगूळ घेऊन आले, आजचं घरात पहिलं माणूस. परवाचा राग विसरले होते. चहा घेतला. दादा तीळगूळ घेताना तो मोजून घ्यायचा, रेल्वेच्या माणसाला पार्सल कमी भरल्याचा संशय जात नाही, असं म्हणून हसले. उठताना म्हणाले, कपाळाला काहीतरी थंड लागून राह्यलं. हवा असेल. टोपी ओढून गेले.

चार वाजता त्यांच्या घरून रडणं ऐकू आलं. बसल्या जागी गेले.

मी गेलो तेव्हा आंघोळ घालून झाली होती. कपाळावर राणीछाप रुपया. त्यांची सून पाया पडली, म्हणाली, भाऊ, आमच्याकडे रुपया नव्हता, तुम्ही वेळेवर दिला. मी दिला नाही असं म्हणालो नाही. कोणी दिला, कोणी लावला, हे तिथे कोणालाच सांगता आलं नसतं. मी खांदा दिला.

१६ जानेवारी

राणीछाप परत आला आहे. काळा.

स्मशानातून घरी आल्यावर हात धुतले. मला कडूबांचं वाईट वाटायला हवं. ते आवडले होते मला. बसून राहिलो.

इंदूरच्या माणसाचा फोन आला. वाहेदभाईंनी आधीच नंबर दिला होता. रुपये जळाले आहेत म्हणालो. तो म्हणाला चालेल, एकोणचाळीसचा असेल तर मी तुम्ही म्हणाल तो भाव देतो, घर मोठं आहे, येऊन बघा, नाण्यांसाठी वेगळी खोली आहे. घरात कोण कोण असतं, मी विचारलं. तो म्हणाला, एकत्र कुटुंब, लहान मुलं पुष्कळ.

विचार करून सांगतो म्हणालो.

१९ जानेवारी

बोडक्या राजाचा नाही.

या वेळी लगेच कळलं. अल्बम मांडीवर होता. दार लावून घ्यावं म्हणून उठत होतो तोवर अन्नपूर्णाबाई डबा घेऊन आत आल्या होत्या. बाहेर जा म्हणालो. त्या म्हणाल्या, "काऊन भाऊ? कालचं वरणही तसंच हाये. उपाशी राह्यल्यानं भाऊ वापस येते का?" आणि पदराने कपाळ पुसलं. म्हणाल्या, थंडीत घाम कसा.

त्यांच्यामागे त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत जाऊन झोपा म्हणालो. दवाखान्यात चला म्हणालो. त्यांच्या मुलाने रिक्षा आणली, माझ्यावर विश्वास ठेवून. रिक्षात बसल्या. कोपऱ्यावर पोचायच्या आत —

परत आणलं तेव्हा रुपया लावलेलाच होता. रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं.

२१ जानेवारी

तिसराही आला. काळा.

आता लिहून काढतो म्हणजे नीट समजेल. दोन्ही वेळा सकाळी रुपया कप्प्यात नव्हता. दोन्ही वेळा त्या दिवशी बाहेरून उंबरा ओलांडून जे पहिलं आत आलं ते माणूस गेलं. मी दोन्ही दिवस घरातच होतो. पहिला रुपया मी मागितल्यावर दिला. पुढचे रुपये घर आपणच देऊन राहिलं आहे.

चांदीचा आता एकच चांगला आहे. मुकुटवाल्या राजाचा. तो गेला की द्यायला काही नाही. तांब्याचे पैसे कपाळाला चालत नाहीत.

इंदूरला नाही म्हणून कळवलं. त्याने भाव वाढवला. पुन्हा नाही म्हणालो. त्याच्याही घराला उंबरा असेल. दादाची इच्छा होती सगळं एकाच माणसाला जावं. ते माझ्याकडून होणार नाही.

वाहेदभाईंना जाऊन सांगितलं की विकत नाही, आणि माझ्यामागे कोणी आणलं तरी घेऊ नका, बघायलाही जाऊ नका. त्यांनी कारण विचारलं नाही. दुकान बंद करून मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. गल्लीत आले नाहीत.

२२ जानेवारी

कप्प्यात आहे. दार लावून बसलो. दूधवाल्याला बाहेरूनच जा म्हणालो. कडूबांची सून दार वाजवत होती, त्यांच्या तेरवीचं सांगायला. खिडकीतून बोललो. गल्लीत लोक काय म्हणतात ते समजतं.

भट्टीत वितळवून बघावा असं मनात आलं. पण काळा रुपया आग बघूनच आला आहे.

२३ जानेवारी

आहे.

जयमालाला नको येऊ म्हणून सांगायला फोन केला. तिने उचलला नाही. मेसेज टाकला. उत्तर नाही.

२४ जानेवारी

नाही. कप्पा रिकामा.

जयमालाचा फोन आला तेव्हा अल्बम उघडाच होता. रात्रीच गाडीत बसली. तीन दिवस सुटी आहे, बाबा एकटे आहेत, सांगितलं तर नको म्हणाल. भुसावळ मागे पडलं. मी म्हणालो मलकापूरला उतर, मी तिकडे येतो. ती हसली. काहीतरीच काय बाबा, घरीच येते, घर बघायचं आहे मला काकांचं. आवाज कापला. पुन्हा लावला. लागत नाही.

स्टेशनवर जाऊन तिला दुसरीकडे नेता येईल. मग दुसरं कोणीतरी येईल. कुलूप लावलं तरी कडूबांची सून बघायला येईल, अन्नपूर्णाबाईंचा मुलगा कुलूप तोडून बघेल मी आत आहे का. चांगली माणसं आहेत. येतीलच.

शेवटचा आहे. एवढा एक —

बाहेर गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. गल्लीत कोणी नव्हतं. दुकानदाराने विचारलं काय पाहिजे. काही नाही म्हणालो. परत आलो. पायरीवर चपला काढल्या. उंबऱ्यावर थोडा थांबलो. मागे बघितलं, कोणी येत नव्हतं.

आत आलो.

मीच पहिला.

कपाळाला गार वाटतं. हात लावला तर काही नाही.

दादाची आठवण आली. शाळेत जाताना मला पाठुंगळी घेऊन नाला ओलांडायचा. थोडं रडू आलं. आलं तर खरं.

दार उघडं ठेवलं आहे. जयमालासाठी भात लावला, वरण कालचं. ती आली की घाबरेल. इलाज नाही. तिने अल्बमला हात —

पाणी तापवून आंघोळ केली. धुतलेला सदरा घातला. चटई घातली.

आरशासमोर केस कपाळावरून मागे विंचरले. पुढची बट खाली येते. पाणी लावून परत विंचरतो. परत येते. अजून थोडं पाणी लावून