वडिलांची क्रूझर आणि कानाएचं जहाज

मी, हमासाकी तोकुजी, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्वीचा धंदा जहाजगोदीत आराखडे उतरवण्याचा, सध्या काही नाही, राहणार कुरे, बंदरावरच्या चढाचं शेवटून दुसरं घर, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून ठेवतो ऐसा जे की, माझी बुद्धी शाबूत आहे, हात कापतो तो वयाने, आणि माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. मला भीती मात्र वाटते. नोटरी मियासे साहेब म्हणाले, भीतीचा उल्लेख नको, उद्या कोणी म्हणेल दबावाखाली लिहिलं. मी म्हटलं, भीती माझ्या घरची आहे, बाहेरून कोणी आणून घातलेली नाही. लिहा.

१. राहतं घर, त्याखालची जमीन आणि मागचं पर्सिमनचं झाड माझी एकुलती मुलगी कानाए हिला, कसल्याही अटीशिवाय. हे शेवटचे शब्द तोंडातून काढायला मला ऑगस्टपासून आजपर्यंतचा वेळ लागला. कारण पुढे येईल.

२. पोस्टातल्या शिलकीतून माझे अंत्यविधी करावेत, उरेल ते कानाएचं. देवळातले भिक्षू मरणोत्तर नाव लांबलचक ठेवायला बघतील, कारण लांब नावाची दक्षिणा मोठी. माझं नाव आखूड ठेवावं. राख वडिलांच्या थडग्यात, माझ्या बायकोशेजारी. वडिलांची स्वतःची हाडं तिथे नाहीत. ते ज्या क्रूझर युद्धनौकेवर होते ती एकोणीसशे चव्वेचाळीसच्या शरद ऋतूत फिलिपिन्सच्या सामुद्रधुनीत बुडाली, तेव्हा मी एक वर्षाचा होतो. आईने थडग्यात त्यांची टोपी पुरली होती.

३. सरळ रेघ मारायची माझी शाईदोरीची डबी, पितळी कंपास आणि लांब पट्ट्या गोदीतल्या आराखडेघरात द्याव्यात. आता तिथे सगळं संगणकावर होतं हे मला माहीत आहे. तरी द्याव्यात.
शेजारच्या कोमुराबाईंना लोणच्याची मोठी बरणी द्यायची होती, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. तेव्हा बाई, ती आजच घेऊन जा.

४. खेळाचं मेज, लाकडी जहाजं, दहा बाजूंचे फासे आणि समुद्राचे नकाशे किरियामा शुन्साकू याला. त्याला ती का देतो हे लिहिणं भाग आहे, नाहीतर लोकांना वाटेल मी त्याला माफ केलं.

सार्वजनिक न्हाणीघराच्या माडीवर आमचं मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतं. खालच्या बंबामुळे हिवाळ्यातही जमीन ऊबदार असते. तिथे आम्ही पॅसिफिकमधल्या लढाया पुन्हा लढतो, पण झाल्या तशा नाहीत. आरमार मागे वळलं नसतं तर? विमानं तासभर आधी उडाली असती तर? तेल पुरलं असतं तर? मी पंच. किरियामा निवृत्त शाळामास्तर, तो कायम अमेरिकेकडून खेळतो आणि जिंकला की आठवडाभर माझ्या दारावरून शीळ घालत जातो. वडिलांच्या क्रूझरचा कप्तान भित्रा होता, असं तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला होता. तेही मी विसरलेलो नाही.

मंडळात एक रीत आहे. आमच्यातल्या बहुतेकांचं कोणी ना कोणी त्या समुद्रात गेलं. आपलं माणूस ज्या जहाजावर, ते जहाज आपण हलवायचं नाही, त्याच्यासाठी फासाही टाकायचा नाही. ते काम शेजारी बसलेला करतो. जहाज बुडालं की ते आडवं करून ताटलीत ठेवतात आणि पुढे चहाची वाटी ठेवतात.

दुसरा नियम माझा आहे. लढाई जिंकली तरी डाव तिथे थांबत नाही. युद्ध लांबलं, तर लांबलेल्या प्रत्येक महिन्यासाठी पंचाने घरच्या बंदराच्या नावाने फासा टाकायचा, त्यावर बॉम्ब पडतात का ते बघायला. यावरून मंडळात पुष्कळ भांडणं झाली. पण खऱ्या इतिहासात पंचेचाळीसच्या जुलैत बॉम्बहल्ल्यात शहर जळालं तेव्हा आई मला पाठीशी बांधून या चढावरून डोंगरात पळाली आणि आम्ही जगलो. ज्या डावांत वडील वाचतात त्यांतल्या बहुतेकांत युद्ध शेहेचाळीसात जातं, आणि मग हा चढ जळतो. एक माणूस घरी परततो आणि घरात कोणी नसतं. म्हणून चांगल्या निकालाचीच मला धास्ती बसली आहे.

गेल्या वर्षी माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला किरियामाने नवा डाव मांडला. चव्वेचाळीसचीच सामुद्रधुनी, तीच पहाट, पण त्यात आजच्या आरमाराचं एक जहाज. नवं, राखाडी, लाकडात सुंदर कोरलेलं. माझी कानाए ज्यावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी आहे ते. त्याचं नाव मी इथे लिहवणार नाही.

"तोकु, आज तुझी पोरगी तुझ्या बापाला आणायला निघालीय," किरियामा म्हणाला. "तू फक्त बस आणि केक खा."

रीतीप्रमाणे दोन्ही जहाजांना मला हात लावता येईना. मी मांडीवर हात ठेवून बसलो. जपानच्या बाजूने खेळणाऱ्या गड्याने कानाएचं जहाज क्रूझरच्या आणि शत्रूच्या मधे घातलं. स्वतःची क्षेपणास्त्रं संपेपर्यंत ते तिथेच राहिलं. क्रूझर निसटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग किरियामाने फासा टाकला, आणि टाळ्या थांबल्या. ते राखाडी जहाज ताटलीत ठेवायला कोणी पुढे होईना. शेवटी किरियामानेच ठेवलं आणि पुढे चहाची वाटी ठेवली. तो म्हणाला, "हा डाव धरायचा नाही, तोकु. पोरखेळ होता." एवढ्या वर्षांत त्याने डाव मागे घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मेज माझ्या घरीच असतं. नंतर कितीतरी दुपारी मी तो डाव एकट्याने मांडला आणि रीत मोडून ते जहाज माझ्या हाताने हलवलं. उत्तरेकडून नेलं, मागे ठेवलं, धुक्यात लपवलं. वडिलांना सोडून दिलं तरी जहाज वाचेना. वाचलं ते एकाच प्रकारे, बंदरातून निघालंच नाही तेव्हा.

ऑगस्टमध्ये पितरांच्या सुट्टीला कानाए घरी आली. आम्ही थंड शेवया खात होतो.

"बाबा, तुम्हाला झालंय काय? फोन करून हवामान विचारता आणि सांगितलं की फोन ठेवता."

"किनाऱ्यावरचं काम मागून घे," मी म्हटलं. "घर तुझ्या नावावर करतो. पण या अटीवर."

ती हसायलाच लागली. "किरियामाकाकांनी मला बुडवलं म्हणून? ऐंशी वर्षांपूर्वीच्या समुद्रात? आणि उपग्रहाशिवाय लढवलं म्हणे मला!"

"तेव्हा उपग्रह कुठून आणायचे? डाव नियमाला धरून होता."

"बरं, पंचसाहेब." मग तिने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "मी उतरले तर जागा रिकामी राहत नाही, बाबा. दुसरी कोणी चढेल. तिलाही वडील असतील. त्यांना काय सांगाल, माझ्या मुलीला घर द्यायचं होतं म्हणून?"

म्हणून पहिल्या कलमातली अट मी काढली. तिचं म्हणणं मला पटलं आहे आणि भीती तसूभरही कमी झालेली नाही. या महिनाअखेरीस तिचं जहाज सरावासाठी दक्षिणेला निघतं, त्याच सामुद्रधुनीच्या बाजूला.

तर मेज किरियामाला. त्याने ते राखाडी जहाज तेवढं जाळावं, बाकी खुशाल खेळावं. शीळ घातली तरी चालेल.

५. इथे मृत्युपत्र संपलं असं मी म्हटलं. पण मियासे साहेबांनी पेन खाली ठेवलं नाही. "एक कलम सगळ्यांनाच घालावं लागतं, हमासाकीसान," ते म्हणाले. "मुलगी तुमच्या आधी वारली तर घर कोणाला?"

मी जन्मभर याच प्रकारचे प्रश्न खेळत आलो. आरमारंच्या आरमारं इकडची तिकडे केली. हा डाव मात्र मी मांडणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"अहो, कोणाचंही नाव सांगा आणि मोकळे व्हा," कोमुराबाई म्हणाल्या. "नुसतं कागदापुरतं असतं ते."

साहेबांनी हळू आवाजात समजावलं, की कलम रिकामं राहिलं आणि देव न करो, पण तसं घडलं, तर मागे वारस कोणी नाही, म्हणून घर शेवटी सरकारजमा होईल. हे तुम्हाला चालेल का?

चालेल. सरकारने मुलगी नेली असेल तर घरही न्यावं. मला ते कशाला हवं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. पाचवं कलम माझ्या सांगण्यावरून रिकामं सोडलं आहे.

मुक्काम कुरे, रेइवा सहावं वर्ष (२०२४), नोव्हेंबर १९

हमासाकी तोकुजी (सही व नोंदणीचा शिक्का)

साक्षीदार:
कोमुरा इत्सुए, शेजारीण (सही, बरणी घेतलेली नाही, नंतर बघू)
नागासे योशितो, चढावरचा शेजारी (सही)

समक्ष: मियासे हिदेताका, नोटरी