मॅनेजरबाईंची नथ

मिसरोद, संक्रांतीनंतरचा शनिवार

काल लेकीबरोबर, मनूबरोबर, ती कार्टून मालिका पाहिली. माझ्या लहानपणीचीच, आता नव्याने काढलेली. तेव्हा त्यातली मराठी बाई मोलकरीण होती, नाकात ही मोठी नथ घालून फरशी पुसायची. लोकांनी नावं ठेवली म्हणे, म्हणून आता तिला बँक मॅनेजर केलंय. नथ मात्र तशीच. नथ घालून कोण बँकेत जातं? आम्ही सणासुदीला घालतो, तीही जेवताना काढून ठेवतो.

आज गोविंदपुऱ्याच्या ऑफिसात शर्माजी म्हणाले, "अब तो खुश हो ना? आपकी बाई का प्रमोशन हो गया." हसले मी. वाद घालायचं त्राण कुठून आणू? थट्टा करा हो, पण आधी आमच्या घरात एकदा डोकावून तरी बघा.

घरी येऊन उद्याच्या हळदीकुंकवासाठी आईची नथ बाहेर काढली. मनू म्हणाली, "आई, प्लीज, ही नको ना घालूस. सब बोलेंगे, वो कार्टूनवाली आ गई."

ती मोलकरीण होती तोवर मी बिनधास्त नथ घालत होते. ती मॅनेजर झाली आणि माझी डबीत गेली.