एक पाट जास्त

६ फेब्रुवारी १९६६
संकल्प. कादंबरी लिहायची. भुताच्या घराची. नव्या घरात राहायला आलेलं कुटुंब आणि त्यांचे हाल. रोज पाच पानं, म्हणजे होळीपर्यंत खलास. बाबांनी उभी हयात सरकारी क्वार्टरात काढली आणि रिटायर झाल्यावर हे घर बांधलं. परवाच वास्तुशांत झाली. असं आयतं मटेरियल सोडून जंगल खात्यात हेडक्लार्कची बोलणी खात बसायचं म्हणजे प्रतिभेचा खून आहे.

७ फेब्रुवारी
नाव ठरलं. 'रिकाम्या खोलीतलं पाऊल'. आज फक्त नाव. नाव म्हणजे अर्धी कादंबरी.

११ फेब्रुवारी
एक वाक्य लिहिलं. खोडलं. दोष माझा नाही, घराचा आहे. सगळीकडे ताजा चुना, चारी बाजूंनी ऊन, एकही दार करकरत नाही. बाबांनी सुताराच्या बोकांडी बसून दारं बसवून घेतली, त्याला मी काय करणार! ऑफिसात भोजराजला विचारलं, तुमच्या तिरोडीकडे आहे का एखादं भुताचं घर? तो म्हणे, काहून बे त्र्यंबक, घरात बायको कमी पडून राह्यली का? अडाणी.

१४ फेब्रुवारी
आयडिया! लेखकाने भीती डोळ्यांनी पाहिली पाहिजे. सबब प्रयोग. आमच्याकडे आधी पुरुष जेवतात. दिवे लागले की अहिल्या माजघरात दोन पाट मांडते, बाबांचा आणि माझा. आज ती पोळ्या लाटायला आत वळली आणि मी हळूच तिसरा मांडला. समोर तांब्याही ठेवला. ती बाहेर येऊन म्हणाली, अगबाई, हा कोणी मांडला? मी भुवया वर केल्या. अभिनय फारच नैसर्गिक झाला. लग्नाची बायको ओळखू शकली नाही.

१६ फेब्रुवारी
पुन्हा तिसरा पाट. आईच्या हातातली पळी पडली. उत्तम! नोंद: भ्यालेली बाई आधी पदर सावरते. हे शहरातल्या लेखकांना कुठून कळणार?

१९ फेब्रुवारी
आईला भूत कोण ते सापडलं. अनुसयाबाई. बाबांची पहिली बायको, लग्नानंतर लवकरच गेली. आई दुसरेपणावर आलेली. घरात काही मंगल असलं की आधी अनुसयाबाईंच्या नावाने हळदकुंकू आणि खण बाजूला काढते. वास्तुशांतीच्या गडबडीत नेमकं तेच राहिलं. आई म्हणाली, सवाष्ण गेली बिचारी, माझ्या हातून तिचा मान चुकला, आता आपलं पान मागायला आली.
हे मला कसं सुचलं नाही! आईचा अर्पणपत्रिकेत उल्लेख करायचा. ती आज जेवली नाही.

२१ फेब्रुवारी
आईने तिसऱ्या पाटासमोर सगळं पान वाढलं, खण ठेवला, कान धरून माफी मागितली. इथे थांबायला हवं, हे मला मान्य आहे. पण तिसरं प्रकरण नेमकं इथेच अडलंय. माफी मागूनही भूत शांत झालं नाही तर घरातली बाई काय करेल? उद्या एकदाच. नंतर बंद म्हणजे बंद.

२२ फेब्रुवारी
मांडला. आई ओरडली नाही. पाटाकडे बघत बसली. मग म्हणाली, हे घर तिचंच आहे बापा, मीच मधे आले. एवढा संसार केलेली बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगणारच होतो, पण बाबा समोर बसले होते.

२३ फेब्रुवारी
आई छोट्या रेल्वेगाडीने लामत्याला मामांकडे गेली. ट्रंक घेऊन. ट्रंक डब्यात मीच चढवली. उद्या लामत्याला जाऊन खरं काय ते सांगून टाकायचं. पक्कं.

२४ फेब्रुवारी
लामता कॅन्सल. आमच्या ऑफिसात रजा मिळेल तर शपथ. मागितली नाही.

२६ फेब्रुवारी
आज निघणारच होतो. पण शनिवार. शनिवारी खरं बोलू नये असं काही नाही, तरी उगाच कशाला?

२८ फेब्रुवारी
घर खायला उठतं. तुळशीवृंदावन कुठे बांधायचं ते आई ठरवणार होती, विटा तशाच पडल्यात. बाबा त्या विटांकडे बघत बसतात. वरणभात नुसता चिवडतात. जेवताना म्हणाले, कितव्या प्रकरणावर आलास? म्हटलं, तिसऱ्या. म्हणाले, बरं.
बाबांना साहित्याची आवड आहे हे ठाऊक नव्हतं. संशय वगैरे काही आलेला दिसत नाही.

२ मार्च
बाबा कुणाला न सांगता लामत्याला गेले. शेजाऱ्यांनी त्यांना गाडीत चढताना पाहिलं.

३ मार्च, संध्याकाळ
आई परत आली. पण रडत. बाबांनी मामांच्या ओसरीवर चार लोकांदेखत सांगितलं, ते पाट मीच मांडत होतो. हल्ली डोकं चालत नाही. कोण आहे, कोण गेलं, काही ध्यानात राहत नाही.
आई मला म्हणाली, यापेक्षा भूत परवडलं असतं रे.
बाबा पाय धुवायला मागे गेले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी सांगायला तोंड उघडलंही होतं, पण अहिल्येने चहा आणला. तो गार झाला असता.

६ मार्च
कादंबरी बंबात घातली. होती दोनच पानं, पाणीसुद्धा तापलं नाही.
आईने बाबांकडून कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. जेवताना शेजारी बसते आणि ही भाजी, ही चटणी असं बोट दाखवून सांगते. एके काळी अख्खी कचेरी चालवणारे बाबा मान खाली घालून हो हो म्हणतात. लाज वाटते. लाजच.

८ मार्च
आईचा हुकूम, बाबांना एकटं बाहेर सोडायचं नाही. आज हात धरून बाजारात नेलं. बाबा माझ्यापेक्षा भरभर चालतात, पण ओळखीचं कोणी दिसलं की पाय ओढायला लागतात. भाजीपाशी शेजारच्या गोदाबाई भेटल्या. लहान पोराशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, भाऊजी, वळखलं का मले? बाबा त्यांच्याकडे पाहत राहिले आणि नाही म्हणाले. गोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, मायबापाची अशी सेवा कोन करते आजकाल? पोरगा असावा त असा.
बाबांनी माझा हात दाबला, बोलू नकोस म्हणून. मी बोलणार नव्हतोच.