नर मिळाला की येतो

पनवेल, रविवार

ती. दिनाताईस,

शमूचा शालोम, आणि इथूनच हातबोशी. (तुझे हात हातांत घेऊन मग बोटं ओठांना लावली, असं समज.) गुडघा काय म्हणतो? तिकडचे डॉक्टर त्याचं ऐकतात की नुसते फोटो काढतात? आम्ही दोघं ठीक. (ओर्ली जरा जास्तच ठीक, तिनं बॅगा भरून दाराशी ठेवल्यात आणि मी रोज त्यांना अडखळतो.)

तू फोनवर दर वेळी विचारतेस, पनवेल सोडून कायमचा या देशात कधी येतोस, आणि मी शब्द देतो, नर मिळाला की येतो. पुन्हा समजावतो. कर्नाळ्याच्या ओढ्यात मला कॅडिसफ्लाय नावाचा किडा सापडला. लहानपणी हा पाण्यात राहतो, तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण चिकटवतो, त्याची नळी करतो आणि ते घर अंगावर घेऊनच हिंडतो. ही जात अजून कुणीच नोंदवलेली नाही, असं पुण्याच्या स्नेहलबाईसुद्धा म्हणाल्या. (त्या किड्यांतल्या तज्ज्ञ, तरी माझ्यासारख्या निवृत्त मास्तराशी गोड बोलतात.) पण वर्णन छापायचं तर वयात आलेला नर हवा, कारण ओळखायची खूण त्याच्या शेपटाशी असते. म्हणून मी ओढ्याच्या पाण्यासकट ती पिल्लं घरी आणून बाल्कनीतल्या टबात वाढवली. निघाल्या सगळ्या माद्या.

आणि परवा शुक्रवारी ओर्लीनं शब्बाथचा दिवा लावला, डोळ्यांवरचे हात काढले, तर दिव्यापाशी तो! दोन गिरक्या घेऊन पडद्यावर बसला. मी भिंग धरलं. नरच. बाटलीकडे हात नेला, तशी ओर्ली म्हणाली, "शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी, पकडापकडी? उद्या तारे दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही." (डासांमुळे खिडक्या आधीच बंद होत्या, तेव्हा जातो कुठे?) ताई, जन्मभर शनिवारी पेपर तपासत आलेला मी त्या क्षणी इतका धार्मिक झालो की बाटली मुकाट फडताळात ठेवून आलो.

शनिवारभर आम्ही पडद्यासमोर बसून होतो. पंख छपरासारखे मिटलेले, रंग ओल्या वाळूचा, कडेला एक फिकट ठिपका. मिशा अंगाहून लांब, आणि त्या हळूहळू हलायच्या, झोपेत कुणाला काही आठवावं तशा. ऊन पडद्यावरून सरकत गेलं आणि माझा डोळा लागला. स्वप्नात ओढा आपल्या घरातून वाहत होता. तळाशी बाबा छत्री उघडून उभे होते, आणि तू फ्रॉकला वाळू चिकटवत विचारत होतीस, "शमू, हे घर घेऊन तिकडे कसं जायचं रे?" उठलो तर पडदा मोकळा आणि खिडकी सताड उघडी. कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या हादऱ्यानं कडी निसटली असावी. खरं सांगतो, डोळे भरून आले. मग सपाटून भूक लागली.

आता दुसरा नर निघेपर्यंत थांबणं आलं. विज्ञानापुढे कुणाचं चालतं?

तुझा,
शमू

ता. क. एक काम कर. ओर्लीचं मन तिकडे लागलंय. नर गेला म्हणून बिचारी काल जेवलीसुद्धा नाही. तिला फोन करून सांग की तुझ्याकडची खोली अजून रंगवायची आहे. माझा पाय पनवेलमधून निघत नाही, पण हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?

आणखी ता. क. दिनाताई, ओर्लीचा शालोम. यांनी पाकीट चिकटवायला दिलं, म्हणून वाचलं. खिडकी मी उघडली. हे घोरत होते. शब्बाथला पकडायची मनाई आहे, सोडायची नाही. शुक्रवारी गंगाबाई कोळीण म्हणाली, "बाय, तुमी गेल्याव माज्या पापलेटाला नावं कोन ठेवनार? कोन नाय." तेव्हापासून घास उतरत नव्हता. बॅगा यांनी तुम्हाला शब्द दिला म्हणून भरल्या. आत नुसत्या गोधड्या आहेत. पण यांच्या किड्याचं वर्णन छापून यायला हवं हो, फार जीव आहे त्यात. तेव्हा तुम्ही यांना त्या शब्दातून मोकळं करा. म्हणजे पुढच्या वेळी मी खिडकी बंद ठेवीन.