दहा ओळींचा कित्ता

रोहा, दि. २४ जानेवारी २०१९

ती. दिनाआजोबांस,
मालूचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागदावर ओरडते आहे: सायकलवर सहाशे किलोमीटर झाले! पनवेलहून निघून कराडच्या पुढून परत. मुदत चाळीस तासांची, मी एकोणचाळीस तासांत आले. झोप काय ती दीड तास, पेट्रोलपंपाच्या ओट्यावर.

आता हजार. सोळा फेब्रुवारीला सुटायचं, पंच्याहत्तर तासांत पुरं करायचं. कंपनीने रजा दिली आहे. हे हुकलं तर पुढचं थेट डिसेंबरात. डॉक्टर म्हणाले, एवढ्या राइडनंतर शरीराला तीन-चार आठवडे द्या. पण आज चौथ्या दिवशी मी जिना धडधड चढले, तेव्हा ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असावेत. आई कुरकुरते, की गो मालू, भाताचं रोपसुद्धा लावणीनंतर चार दिस मान टाकून बसतं. तुम्ही तिची समजूत काढा. ती तुमचं ऐकते, पुतणी म्हणून नाही, तुमच्या वर्गातली म्हणून.

तुमच्या आशीर्वादाची हवा माझ्या टायरांत कायम असावी.

तुमची नात,
मालू


॥ श्री ॥
पेण, दि. २८ जानेवारी २०१९

चि. मालूस,
दिनानाथाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा सारखा पुसावा लागला. पोरी, एकसष्ट साली मी भाड्याच्या सायकलवरून पेणहून रोह्याला गेलो होतो. त्या चाळीस किलोमीटरांच्या पराक्रमावर मी आजवर कविता करत आलो. वाटेत नागोठण्याला अंबा नदी, निडीच्या शेतांतून उठणारे बगळे, सगळं अजून डोळ्यांपुढून उडतं. तू त्याच्या पंधरापट गेलीस, आणि कवितेची एक ओळ न करता लगेच पुढच्या वाटेला लागलीस! दुसऱ्यांदा वाचलं ते शेजारच्या काशीबाईंना ऐकवायला. त्यांनी दृष्ट काढायला सांगितली आहे.

तिसऱ्यांदा मात्र मास्तर म्हणून वाचलं. मालू, तुझं अक्षर असं नव्हतं. काने कोलमडले आहेत, वेलांट्या अर्ध्यावर सुटल्या आहेत, दुसऱ्या पानावर तर पेन मुठीत धरलेलं दिसतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे ना? दोन दिवस हँडल दाबून धरल्यावर होणारच. पाय लवकर विसरतात, हात उशिरा. आणि घाटाच्या उतारावर ब्रेक पाय नाही, हात दाबतो.

तुझा आजा, माझा गुणाजीदादा, मिठागरात सांगायचा, की वाफ्यात पाणी घेतलं की मीठ ओढायच्या दाताळ्याला हात लावायचा नाय. घाईने ओढलंस तर भुगा, थांबलास तर खडा.

मी चौथीला स्वतः रचलेली ओळ गिरवायला देत असे: "दमल्या पाया, बैस जरासा, घाट उद्याही आहे." ती दहा वेळा लिहून पाठव. अक्षर बरं दिसलं, तर मीच पनवेलला येऊन निशाण दाखवीन.

माझ्यावरचा राग फार दिवस टिकू नये, एवढाच लोभ असावा.

दिनानाथ


रोहा, दि. २ फेब्रुवारी २०१९

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

कित्ता सोबत आहे. अक्षर पाहाच! बोटांना काही झालेलं नाही, पत्र तेव्हा घाईत लिहिलं होतं. सोळाला निघते. निशाण तयार ठेवा.

आपली,
मालू


॥ श्री ॥
पेण, दि. ६ फेब्रुवारी २०१९

चि. मालूस, अ. उ. आ.

कित्ता देखणा आहे. दहापैकी दहा. फक्त गुण विमलला दिले आहेत.

ही विमल, तुझी आई, चौथीत असताना आधी कागदभर लांब रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं खाली टांगायची. मी वर्षभर सांगून थकलो. चाळीस वर्षांनी ती दोरी पुन्हा दिसली आणि हसू आवरेना. पत्रही तिनेच लिहिलं आहे. तिला सांग, गृहपाठ दुसऱ्याचा करून दिला तर काकाही उभं करतो.

तुझ्या हट्टाचंसुद्धा मला कौतुक आहे. हट्टावाचून कुणी सहाशे किलोमीटर जात नाही. म्हणून थांब असं मी म्हणणार नाही. फक्त एक कर. दार लावून बस, दहा ओळी स्वतः लिही. मला पाठवू नकोस. मग जे ठरवशील त्याला माझा आशीर्वाद आधीच दिलेला आहे.

तुझ्या चाकांइतकीच तुझ्या बोटांवरही माया असणारा,
दिनानाथ


रोहा, दि. १७ फेब्रुवारी २०१९

ती. आजोबा, सा. न.

हे माझंच अक्षर. वाचता येईल तेवढं वाचा.

दार लावून बसले. सातव्या ओळीला पेन हातातून पडलं, आणि पडलेलं मला कळलंसुद्धा नाही. आवाज आला म्हणून खाली पाहिलं. मग उतार डोळ्यांपुढे आला. त्याच संध्याकाळी नाव काढून घेतलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. आई डोक्यावर तेल घालत बसली.

काल राइडवाले नागोठण्यावरून जाणार होते. मी थर्मास घेऊन नाक्यावर उभी राहिले, सगळ्यांना चहा दिला. एकाने विचारलं, की तू का नाहीस. मी म्हटलं, माझा गृहपाठ राहिलाय. त्याला वाटलं, चेष्टा करते.

डिसेंबर लांब आहे, तोवर तुमची तांबडी पेन्सिल माझ्यावर असू द्या.

मालू


॥ श्री ॥
पेण, दि. १० जानेवारी २०२०

चि. मालूस, अ. उ. आ.

हजार किलोमीटर, त्र्याहत्तर तास! आळीत सांगून सांगून माझा घसा बसला आहे. पण खरं सांगू? त्याहून मोठा ठेवा कालच्या टपालाने आला. परत आल्यावर, कुणी न सांगता, त्याच कित्त्याच्या, रोज एक अशा, एकवीस दिवसांच्या एकवीस ओळी!

पहिली ओळ शाईत पडलेली मुंगी चालावी तशी. सहाव्या दिवशी काने उभे राहिले. अकराव्या दिवशी पुन्हा सगळं घसरलं आहे. त्या दिवशी चोरून सायकल काढली होतीस का, ते मी विचारत नाही. सतराव्यापासून अक्षर तुझं. कविता पुष्कळ शिकवल्या, पण एखाद्याचं शरीर परत येताना ओळीओळीने वाचायला मिळालं ते या वयात.

माझं अक्षर आता हलतं ते वयाने. त्याला विसावा नको, तुझी पत्रं हवीत.

कागद सोबत परत पाठवतो आहे. वीस ओळी तशाच सोडल्या आहेत. एकविसाव्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे.

सायकल काढ.

दिनानाथ