यादीत नसलेला डबा

५ ऑक्टोबर, रविवार

वनी सकाळीच उरणहून आली. चुलतभावाच्या पोरीचं लग्न २३ नोव्हेंबरला, आणि आयेच्या जागी पहिल्यांदाच माझी ही धाकटी बहीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणार. तीस वर्षं आमच्या गावची धवलारीण म्हणजे आय. मांडव असो, मांडवात उंबराची फांदी आणायची असो, हळद असो, तिच्या गळ्याशिवाय काही हलायचं नाही. गेल्या वर्षी अर्धांग झालं. उजवा हात गेला, वाचा गेली. आता सात-आठ शब्द उरलेत, त्यातही 'नाय' जास्त.

त्याआधीची चार वर्षं मी तिचे धवले फोनवर रेकॉर्ड करत होतो. सगळे हार्ड डिस्कवर. आय तिला डबा म्हणते. दसऱ्याच्या पूजेतून उचलून कपाटावर ठेवली होती, ती आज काढली. झेंडूची पाकळी चिकटली होती, फुंकून टाकली. लॅपटॉपला जोडली. दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. मग काहीच नाही.

दुसरी वायर. तिसरी. दुसरं पोर्ट. बायकोचा, सुरेखाचा लॅपटॉप. पाच वायरी झाल्या. वनी वही-पेन घेऊन बसलेली. शेवटी म्हणाली, "दादूस, ऱ्हाऊ दे. पुढल्या रविवारी येतंय." आय खुर्चीत बसून सगळं बघत होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

हा.डि. महाप्याला प्लांटवर नेली. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पाटीलने जोडून बघितली. जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी येते, त्यात नावच नाही. नाव असतं आणि उघडली नसती तर गोष्ट वेगळी, म्हणाला. "साहेब, ही आहे हेच मशीनला माहीत नाय." कानाला लावली. आत काही फिरत नाही.

पाटीलचा सल्ला: पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, कधी कधी चालते. घरी सांगितलं तर सुरेखा म्हणाली, "मटार आहेत का ते?" बरं झालं म्हणाली. मी ठेवलीच असती.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी प्रत शोधतोय. नाही. फोन भरला की हा.डि.वर टाकायचे आणि फोनमधून उडवायचे, हा माझा चार वर्षांचा शिरस्ता. आणि फार व्यवस्थितपणे पाळला.

नेटवर टाकले नाहीत कारण आयेची अट. मामेबहिणीच्या हळदीत तिचाच एक धवला डीजेवाल्याने ढणढणाट घालून वाजवला होता. कुणी कधी रेकॉर्ड करून पाठवला देव जाणे. आय जेवली नव्हती त्या दिवशी. "तुझ्याकडंच ठेव. कोनाला देऊ नको." मी शब्द दिला होता. शब्द देताना दुसरा डबा घ्यावा एवढी अक्कल नव्हती.

वनीच्या फोनमध्ये दोन तुकडे निघाले. एकात मिक्सर चालू आहे. दुसऱ्यात आय सुरू करते आणि कोणीतरी चहा विचारतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुरेखाला बोललो. नको तसं बोललो. कपाट तीच पुसते. "पडली का तुझ्या हातून? पडली असेल तर सांग, मी काही खात नाही." म्हणाली, "नाही पडली." मी म्हटलं, मग काय भुताने पाडली? ती पोळ्या लाटत राहिली. तिच्या गप्प बसण्याचा मला आणखीच राग आला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

घरात बोलणं बंद. जेवणाच्या डब्यात काल रात्रीचीच भाजी.

आयेने कपाटाकडे डावं बोट केलं. "डबा?" मी म्हटलं, "ऑफिसात नेलाय आये, काम हाय." मान हलवली तिने. माझं खोटं ओळखलं की ती माझ्या लहानपणीसुद्धा अशीच लगेच मान हलवायची.

११ ऑक्टोबर, शनिवार

महाप्यालाच, आमच्या प्लांटपासून दोन गल्ल्या सोडून, बंद पडलेल्या डिस्कमधलं काढून देणारं एक ऑफिस आहे. रोज त्याच रस्त्याने जातो, पाटी कधी वाचली नव्हती. शेंडगे मॅडम. साताऱ्याकडच्या. चष्मा डोक्यावर, बोलणं कमी.

त्यांनी वरचं प्लास्टिक उघडलं. आत लाल चिखल. वाळून पापुद्रे झालेला. एका कोपऱ्यात काळं.

"सर, पूजेत होती का ही?"

मी हो म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दसऱ्यानंतर दोन-तीन तरी येतातच. कुंकवाचं पाणी पोर्टमधून आत जातं. "नुसतं भिजून एवढं होत नाही. ओली असताना करंट दिला की बोर्ड जळतो. किती वेळा जोडलीत?"

मी बोटं मोजली. मी प्लांटवर मेंटेनन्स सुपरवायझर. बावीस वर्षं दसऱ्याला मशीनची पूजा करतोय. आधी मेन स्विच बंद, पॅनेलवर प्लास्टिक, मग पाण्याचा थेंब. नव्या पोरांना मीच दरडावतो. आणि घरी ही ओली डिस्क पाच वायरींनी पाच वेळा जोडली. हसावं की रडावं कळेना.

"आतल्या ज्या चकत्यांवर सगळं साठतं त्या ठीक असतील तर आशा आहे," मॅडम म्हणाल्या. असतील तर.

पण घरी मी कोरडी चिमूट वाहिली होती. फुलाने एक थेंब शिंपडला असेल. एवढं पाणी आलं कुठून?

तोच दिवस, संध्याकाळ

सुरेखाची माफी मागितली. म्हटलं, पडली नव्हती, पाणी गेलंय. तिने कणकेचे हात धुतले. मग सांगितलं.

पूजा आटोपून मी पानं वाटायला खाली सोसायटीत गेलो होतो. तेवढ्यात आय खुर्चीतून उठली. भिंत धरत धरत देवापर्यंत गेली. डाव्या हाताने कुंकू पाण्यात कालवलं आणि पळीपळीने डब्यावर सोडलं. कोयत्यावर नाही, लॅपटॉपवर नाही, फक्त डब्यावर. मग एकच हात कपाळाला लावून उभी राहिली. सुरेखाने नंतर वरून पुसून घेतलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आईंना ओरडला असता."

ओरडलो असतोच. म्हणून तिने दोन दिवस माझं ऐकून घेतलं. मला फार लाज वाटली. तसं म्हटलंही तिला.

मीच आयेला सांगितलं होतं, तुझा आवाज या डब्यात हाय. ती आपल्या आवाजाची पूजा करत होती. आता रागावू कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमचा फोन. नुसता दुसरा बोर्ड बसवून चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती बोर्डवरच्या एका चिपमध्ये असते. ती चिप जळालेल्या बोर्डवरून काढून त्याच नंबरच्या दुसऱ्या बोर्डवर बसवायची. चिप शाबूत दिसतेय. तसा बोर्ड शोधतायत. "मिळाला तर."

'असतील तर' नंतर आता 'मिळाला तर'. तोवर झाकली मूठ.

१९ ऑक्टोबर, रविवार

गेल्या रविवारी जमलं नाही, वनी आज आली. तिला जेवढं येतं तेवढं म्हटलं. मांडवाचा जवळजवळ पूर्ण. उंबराचा अर्ध्यावर अडला. हळदीचे दोनच. आयेसमोर बसून म्हणत होती. चुकलं की आय मांडीवर थाप मारायची. वनी थांबायची, दुसरा शब्द घालायची, पुन्हा थाप. बरोबर शब्द आयेच्या ओठावर येतोय असं दिसायचं, आणि बाहेर यायचं 'नाय'. शेवटी आय रडायला लागली. वनीने वही मिटली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. मॅडमचं ऑफिस आठवडाभर बंद.

वनीचा फोन. गॅलरीत जाऊन बोललो. नेमकं झालं काय, तिचा हट्ट. सांगितलं. "आयेनंच पानी ओतलं गं, तिला काय ठावं." मागे वळलो तर आयेची खुर्ची दाराशीच. डोळे मिटलेले होते. झोपली होती बहुतेक.

२ नोव्हेंबर, रविवार

झोपली नव्हती.

आज तुळशीचं लग्न. सुरेखाने सवयीने कुंकवाचा करंडा आयेपुढे धरला. आमच्या घरात पहिलं बोट आयेचंच. तिने हात मागे घेतला. सुरेखाने पुन्हा धरला. आयेने डावा हात पदराखाली नेला आणि तिथेच ठेवला.

"काय झालं आये?"

"नाय. पानी. डबा."

एवढे तीन शब्द लागोपाठ तिने वर्षभरात जोडले नव्हते. बारा दिवस ती हे मनात घेऊन बसली होती आणि मी तिला 'ऑफिसात हाय' म्हणत होतो. आठवून बघितलं. दिवाळीभर तिने देवातल्या कशालाच हात लावला नव्हता. आमच्या लक्षात आलं नाही.

तुळशीला कुंकू सुरेखाने लावलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बोर्ड मिळाला. चिप बसवली. जेवणाच्या सुट्टीत धावत गेलो. मॅडमनी जोडली आणि कान द्या म्हणाल्या. आत फिरतेय. बारीक घरघर. यादीत नाव आलं. माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी सांगितलं, नाव आलं म्हणजे आतलं आलं असं नाही. वाचताना मध्येच अडकते. एकेक कण करून दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर उतरवावी लागेल. दिवस लागतील. जास्त फिरवली तर कायमची जाऊ शकते, म्हणून घाई नाही करायची.

"लग्न तेवीसला आहे," मी म्हटलं.

"सर, मी तारखेचा शब्द देत नाही. किती येईल त्याचाही नाही. नवी डिस्क आणून द्या, सोमवारी सुरू करते."

कोणते येतील, कोणते नाही? हळदीचे यावेत. मांडवाचा वनीला येतो. असा हिशोब करत परत आलो आणि मग वाईट वाटलं. आयेचा प्रत्येक धवला मला हवा आहे. लग्न असो नसो.

८ नोव्हेंबर, शनिवार

नेरूळ स्टेशनसमोरून नवी हा.डि. आणली. खोक्यातून काढून आयेच्या मांडीवर ठेवली. तिने हात लगेच पदराखाली नेला.

तिच्यापुढे जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. जुना डबा कुठे आहे, काय जळलं, मॅडम काय करतायत, कदाचित सगळे धवले येणार नाहीत, कदाचित एकही नाही. खोटं बोललो तेही. "आये, पानी तू घातलंस, पन करंट मी दिला. पाच वेळा. ओल्या मशीनला करंट देऊ नये हे तुला ठावं नव्हतं. मना ठावं होतं."

या वेळी तिने मान हलवली नाही.

"हा नवा डबा. रिकामा हाय. जुन्यातलं यात उतरवायचं. तू हात लावल्याशिवाय मी नेत नाय."

सुरेखाने करंडा आणला. पाणी नाही, पळी नाही. आयेने आधी करंड्यात वाकून बघितलं. मग पदर हलला. अंगठा कुंकवात बुडवला, वर उचलला, निरखला, आणि पदराला पुसला. पुन्हा बुडवला, पुन्हा पुसला. जेमतेम रंग उरला तेव्हा डबा डाव्या हाताने मांडीवर फिरवला, वायरीचं भोक कुठे आहे ते बोटाने चाचपलं, आणि त्याच्या बरोबर उलट्या कोपऱ्यात तिळाएवढा टिळा टेकवला. वर फुंकर मारली.

"ने," म्हणाली.

वनी उद्या वही घेऊन येते आहे. लग्नाला पंधरा दिवस. डिस्क सोमवारी महाप्याला द्यायची. टिळा पुसला जाऊ नये म्हणून रुमालात गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत ठेवली आहे, जेवणाच्या डब्यापासून लांब.