सुमनबाईंचं पान

१४ मे २०२३, वालूर
चहा त्यांनी केला! मी उठायच्या आधीच. साखर इतकी की चमचा उभा राहावा. म्हणाले, "लय गोड झाला का?" मी म्हटलं, "न्हाई, बरोबर हाय." लग्नाला चार दिवस झाले नाहीत आणि खोटं बोलायला सुरुवात!

बेचाळिसाव्या वर्षी नवी नवरी. पहिल्या नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर चारठाण्याला माहेरी, परमेश्वरदादाच्या घरी शिलाई मशीन चालवत वर्षं काढली. आता हे — बन्सीधर, पिठाची गिरणी, पहिली बायको वारलेली. पापण्यांवरसुद्धा पीठ असतं यांच्या. बघितलं की हसू येतं.

२ जून
अर्पिताचा फोन. यांची एकुलती एक लेक, जिंतूरला दिलेली. आमच्या लग्नाला आली नव्हती. मी फोन उचलला तर, "बाबा हायेत का?" बस्स. मला काय म्हणायचं हेच तिला ठरवता येत नाही. मला तरी कुठे ठरवता येतंय?

७ ऑक्टोबर
आज अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान वाढायचा दिवस. म्हणजे सुमनबाईंचं. म्हणजे माझ्या सवतीचं! सवत मेली तरी जेवायला येतेच. पहाटेपासून पुरण शिजवलं, शेजारच्या धुरपताबाईंना त्यांच्या जागी सवाष्ण म्हणून बसवलं, ओटी भरली. कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

धुरपताबाई गेल्या आणि हे हसत सुटले. "सुमन पुरणाला हातपण लावत न्हवती! धपाटे लागायचे तिला. जळजळीत."

मग आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, "तुमी इतक्या मनापासून करायलता. कसं सांगू?"

तणतणले. तणतणतच विचारलं, अजून काय काय आवडायचं त्यांना? मग सांगत बसले. भांडण झालं की सुमनबाई यांच्याशी नाही, पाण्याच्या हंड्याशी बोलायच्या. हंड्याला सांगायच्या, "जेवायला वाढलंय म्हणावं." सांगताना डोळे भरले यांचे, आणि हसतही होते. गेलेल्या बायकोबद्दल इतक्या मायेनं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. जिवंत बायकोबद्दल तरी कोण बोलतं!

लिहूनच ठेवते — माझं प्रेम बसलं या माणसावर. आज. या वयात!

२५ सप्टेंबर २०२४
यंदा पानावर धपाटे, दही, ठेचा. धुरपताबाईंच्या डोळ्यांतून पाणी. आमचं दोघांचं आतल्या आत हसू.

सुमनबाईंची आणि माझी आता गट्टी जमली आहे. यांच्याबद्दल तक्रार करायची तर दुसरं हक्काचं कोण आहे? सकाळीच त्यांच्या फोटोला सांगितलं — ओला टॉवेल गादीवर टाकू नये, एवढं तरी शिकवायचं होतं तुम्ही!

११ जानेवारी २०२५
शेतातला कापूस विकायला सेलूला गेले, मलाही नेलं. काम झाल्यावर स्टेशनात जाऊन बसलो. गाडी कुठली धरायची नव्हती. नुसती भजी खाल्ली. माझ्या केसांत कापूस अडकला होता, तो यांनी सगळ्यांदेखत काढला. लाजेनं मेले!

९ फेब्रुवारी
हे गेले.

१५ फेब्रुवारी
गिरणी चालू होती. लोक डबे घेऊन उभे. "जरा बसतो," म्हणाले आणि पोत्यावर बसले. जीपमध्ये घालून सेलूला नेलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. इकडे गिरणी तशीच फिरत होती, बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

अंगावरचं पीठ मी पुसू देईना. कुणीतरी म्हणालं, "आंघोळ तर घालावीच लागंल, वैनी." घातली.

अर्पिता आली. बापाच्या पायाशी पडून रडली. माझ्याकडे बघितलं नाही. तेराव्यालाही येईल तशीच जाईल.

३० मार्च
राग येतो. ज्याच्यावर काढायचा तो माणूसच नाही. आज मीच ओला टॉवेल गादीवर टाकला. मग त्याच्याशेजारी बसून खूप रडले.

५ सप्टेंबर
दादा न्यायला आला. "चल आता. इथं तुझं काय राह्यलं?" यांचे थोरले भाऊ भगवानराव तिथेच होते. म्हणाले, घर तर अर्पिताचं. आणि वर हेही, "नवमीचं पान बी आता बंद. नवरा गेला की नवमी सरली. बन्सीच्याच तिथीला दोघांचं."

रीत तशीच आहे. माहीत आहे मला. पण घरातून जायचं आणि घरधनिणीला जेवूही न घालता? दादाला म्हटलं, नवमी होऊ दे. मग येते.

१४ सप्टेंबर
धुरपताबाई नाही म्हणाल्या. "बंद झालेल्या पानावर कशी बसू बाई? माजं बी कुकू हाय." राग आला होता. पण भ्यालेल्या माणसाशी काय भांडायचं.

१५ सप्टेंबर
धपाटे केले. पान वाढलं. पाटावर कुणी नाही. गाईला घालावं म्हणून उठले तर दारात अर्पिता! पोट चांगलंच पुढे आलेलं. मला कुणी कळवलंही नव्हतं.

"काका तर म्हणले, पान बंद झालं," म्हणाली. मग पानाकडे बघतच राहिली. "धपाटे? हे कुणी सांगितलं तुमाला?"

"तुझ्या बाबांनी."

हात धरून पाटावर बसवलं. गुमान जेवली. ठेचा पुन्हा मागितला तेव्हा मी म्हटलं, "तिखट हाय बाई, सोसंल का?" तर म्हणाली, "आई याच्याहून तिखट करायची." आणि घास हातात धरून रडायला लागली. मीही.

ओटीचे तांदूळ घेतले आणि हात तिथेच थांबला. विधवेनं कशी भरायची? तिनं पदर पसरला. भरली.

झालं. सुमनबाई जेवल्या. दादाला फोन केला, उद्या ये म्हणून. ट्रंक भरून ठेवली आहे.

१६ सप्टेंबर
दादाची गाडी आली. अर्पिताच बाहेर गेली. म्हणाली, "मामा, पहिलं बाळंतपण माहेरात असतंय. मी माहेरी आलेय. आन तुमी ह्यांना कुठं न्यायलाव?"